सव्वीस अंशांचा उन्हाळा

ऊन हा निसर्गाचा विषय आहे. तापमान हा कार्यालयाचा. हा भेद ज्यांना कळत नाही ती माणसं उन्हाळ्यात उगाच घामाघूम होतात. ऊन काय, कोणावरही पडतं. त्याला ना वेळेचं भान, ना माणसाची पारख. तापमानाचं तसं नाही. ते मोजावं लागतं, वहीत लिहावं लागतं, त्याखाली सही लागते, आणि सही झाल्याशिवाय कोणी कितीही भाजलं तरी त्याला गरम झालं असं म्हणता येत नाही.

भाजीपाला रोपवाटिकेचा सगळा कारभार या तत्त्वावर उभा होता आणि झकास चालला होता. रोपवाटिकेत टोमॅटोच्या रोपांचे दहा ट्रे होते आणि चौदा कर्मचारी. त्यातले तेरा जण रोपांविषयी लिहीत असत आणि एक जण रोपांना पाणी घालत असे. (हे प्रमाण आदर्श मानलं जातं. काही ठिकाणी पाणी घालणाराही नसतो.) पाणी घालणाऱ्या त्या माळीणबाई. त्यांनाही हुद्दा होता, पण तो इतका लांबलचक होता की हजेरीपटाच्या रकान्यात मावत नसे. म्हणून साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना माळीणबाईच म्हणत.

रोपवाटिकेचा नियम चौदा असा होता: 'अधिकृत तापमापकावर सलग तीन दिवस अडतीस अंशांहून अधिक तापमानाची नोंद झाल्यास रोपांवर सावलीची हिरवी जाळी टाकावी. जाळी भांडारातून सही देऊन घ्यावी.' या नियमात खोट काढून दाखवा. त्यात रोपांची काळजी आहे, जाळीची आहे, आणि सहीची तर आहेच आहे.

अधिकृत तापमापक पूर्वी वाफ्यांशेजारी एका खांबावर असे. पहिल्या उन्हाळ्यात त्याची तबकडी पिवळी पडली. दुसऱ्या उन्हाळ्यात काच तडकली. प्रकरण गंभीर होतं, म्हणून तीन जणांची समिती नेमली गेली. समितीने खांबाची प्रत्यक्ष पाहणी केली (सकाळी साडेसहाला, कारण नंतर तिथे उभं राहवत नाही) आणि एकमताने निष्कर्ष काढला की तापमापकाला उन्हाचा त्रास होतो. नवा तापमापक मग अधीक्षकांच्या खोलीत, एसीच्या बरोब्बर समोरच्या भिंतीवर, चार स्क्रूंनी पक्का केला आणि स्क्रूंवर लाखेचं सील मारलं.

तेव्हापासून अकरा वर्षं रोपवाटिकेत उन्हाळा झालेला नाही. अकरा वर्षांतलं सर्वोच्च तापमान एकोणतीस. त्या दिवशी एसी दुरुस्तीला आला होता, असा खुलासा नोंदीखाली लाल शाईत आहे.

माळीणबाईंकडे तापमापक नव्हता. त्यांच्याकडे तळहात होता. या वर्षी त्यांनी दुपारी ट्रेच्या काळ्या कडेला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. एकेका ट्रेत अठ्ठ्याण्णव खळगे, एकेका खळग्यात एकेक रोप, वय सतरा दिवस. बारा वाजले की पानं आतल्या बाजूला पुंगळीसारखी वळत. कडा करपत. संध्याकाळी पाणी पडलं की रोपं डोकं वर काढत आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा माना टाकत. बाईंची या रोपांवर माया होती. कामाची आवड वगैरे नाही, सरळ माया. बी त्यांनी स्वतः निवडलं होतं, एकेक दाणा बोटाने खळग्यात सरकवला होता, आणि तीन आठवड्यांनी होणाऱ्या रोपवाटपात ही नऊशे ऐंशी रोपं कोणाकोणाच्या अंगणात, गच्चीवर जाऊन लागावीत एवढंच त्यांना हवं होतं. कारण नियम बावीस त्यांना पाठ होता: 'वाटपानंतर उरलेली रोपे त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी खतखड्ड्यात घालावीत.'

बाई अधीक्षकांकडे गेल्या.

"साहेब, रोपं भाजतायत. जाळी द्या."

अधीक्षक सज्जन गृहस्थ होते. दुसऱ्या कोणी बाईंना दारातूनच वाटेला लावलं असतं. हे स्वतः खुर्चीतून उठले, चष्मा लावला, भिंतीपाशी गेले आणि मान वर करून वाचलं. "सव्वीस. तुम्हीच बघा, बाई. मला तर सकाळी स्वेटर घालावा लागतो."

"ते इथलं झालं, साहेब."

"मग आपण कुठे आहोत?"

बाई वाफ्यावर परतल्या. पण त्या हुशार होत्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तापमापक बाहेर येत नसेल तर रोपं आत आणू का?" अधीक्षकांना ही सूचना नियमाला धरून वाटली. जादा रुजलेली बारा रोपं एका डब्यात घालून त्यांच्या खुर्चीमागच्या खिडकीत ठेवली गेली. खिडकीला जाड पडदा होता. चार दिवसांत रोपं फिकट, दोऱ्यासारखी लांब झाली आणि टेबलावरच्या दिव्याकडे, म्हणजे योगायोगाने खुर्चीच्या दिशेने, वाकली. अधीक्षक गहिवरले. त्यांनी वहीत नोंद केली, 'रोपांचा कल कार्यालयाकडे आहे.' सातव्या दिवशी रोपांनी सपशेल लोटांगणच घातलं आणि ती पुन्हा उठली नाहीत.

मग बाई भांडारपालाकडे गेल्या. भांडारपाल हा त्या जाळीचा सख्खा बाप असता तरी त्याने तिला इतकं जपलं नसतं. अकरा वर्षांपूर्वी आलेली जाळी अजून मूळ वेष्टनात होती. दर सोमवारी तो तिच्यावरची धूळ झटकी, दर सहा महिन्यांनी गठ्ठ्याची कूस बदली. देशोदेशीच्या भांडारांत इतकी तरुण जाळी दुसरी नसेल.

"नियम राहू दे बाजूला," बाई म्हणाल्या, "माणूस म्हणून दे."

"माणूस म्हणूनच सांगतो, बाई," भांडारपाल आवाज खाली आणून म्हणाला, "ही उन्हात टाकली ना, की खराब होते."

घरी बाईंचा नवरा शिंपी होता. पुढच्या खोलीत त्याचं मशीन, मागच्या खोलीत संसार. बाईंनी कपाट उघडून सगळ्या चादरी काढल्या, दोन पडदे उतरवले आणि त्याच्यापुढे ढीग घातला. "हे सगळं एकाला एक जोडून दे."

"मग आपण पांघरायचं काय?"

"या उकाड्यात पांघरायचंय कोणाला?"

"उकाडा नाही म्हणतात ना तुझे साहेब?" तो म्हणाला खरा, पण बोलता बोलता मशीनमध्ये दोराही ओवला. हा माणूस बायकोशी वाद घालताना हात कधी थांबवत नसे, त्यामुळे वाद संपेतो काम झालेलं असे. चादरींचं छप्पर झालं, पण ते पाचच ट्रेंना पुरणारं होतं. जोडायला घरात आणखी कापड नव्हतं. होते ते गिऱ्हाइकांचे कपडे.

दहा ट्रेंतले पाच कोणते उचलायचे, यासाठी बाई सकाळी तासभर वाफ्यापाशी उभ्या होत्या. एक उचलायच्या, परत ठेवायच्या. शेवटी डोळे मिटून हाताला लागतील ते पाच त्यांनी खतखड्ड्याच्या भिंतीआड नेले, चार काठ्या रोवल्या आणि वर चादरी ताणल्या. उरलेल्या पाचांकडे पाठ फिरवून चालताना त्यांना फार वाईट वाटलं. वाईट वाटण्यासाठी कोणत्याही वहीत रकाना नाही, त्यामुळे ही बाब नोंदवायची राहून गेली.

उघड्यावरच्या पाच ट्रेंत चारशे नव्वद रोपं होती. त्यातली दोनशे एकसष्ट मेली. आणि उरलेल्या दोनशे एकोणतीस रोपांनी, जेमतेम वीतभर उंची असताना, एकतिसाव्या दिवशी फुलं काढली!

अधीक्षक त्या दिवशी चुकून वाफ्यावर आले होते (मोटार चुकीच्या बाजूला उभी केली गेली होती). पिवळी फुलं पाहून ते जागच्या जागी थबकले. टोमॅटोला पेरल्यापासून फुलायला पंचावन्न-साठ दिवस लागतात हे त्यांना भिंतीवरच्या तक्त्यामुळे माहीत होतं. इथे एकतीस! अकरा वर्षं त्यांनी जे शांत, थंड, निगर्वी काम केलं होतं त्याला आज फूल आलं होतं. त्यांनी तिथूनच वरच्या साहेबांना फोन लावला.

वरचे साहेब दोन मोटारी आणि एक छायाचित्रकार घेऊन आले. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, एक फूल जवळून बघितलं आणि बाईंना म्हणाले, "कसं केलंत?"

"काही केलं नाही, साहेब."

"विनयशील आहेत," अधीक्षक घाईघाईने म्हणाले.

"विनय नाही हो. खरंच काही केलं नाही. जाळी मागितली, ती मिळाली नाही. भाजलीत ही रोपं. झाडाला जीव जातोय असं वाटलं की ते मरायच्या आधी फुलून घेतं. ही फुलं टिकायची नाहीत. गळतील आणि मागे काही राहायचं नाही."

वरच्या साहेबांनी खिशातून वही काढली आणि लिहिलं: 'काही न करणे. जाळी न देणे.' त्यांच्या डोळ्यांत चमक आली. इतकी साधी, इतकी बिनखर्चाची पद्धत आजवर कोणाला सुचली कशी नाही, याचं त्यांना नवल वाटलं. आठवड्याच्या आत 'संयमित दुर्लक्ष पद्धती' या नावाचं परिपत्रक सगळ्या रोपवाटिकांना गेलं. त्यातले टप्पे असे:

१. रोपे मोकळ्यावर ठेवावीत.
२. जाळीची मागणी आल्यास देऊ नये.
३. मागणी न आल्यास ती करवून घ्यावी व नंतर देऊ नये.
४. जी रोपे मरतील त्यांची 'पद्धतीस अपात्र' अशी नोंद घ्यावी.
५. उरलेल्या रोपांची फुले मोजावीत. (मोजणी सकाळी लवकर उरकावी, दुपारी फुले कमी भरतात.)

यशाचं प्रमाण शंभर टक्के होतं. दोनशे एकोणतीस पात्र रोपं, दोनशे एकोणतीसांना फुलं. यापेक्षा चोख हिशेब कोणी मांडून दाखवावा. दरम्यान फुलं देठापासून पिवळी पडून गळू लागली होती, पण त्याने काही बिघडत नव्हतं. फूल येईपर्यंतची जबाबदारी रोपवाटिकेची; पुढचं सगळं फळात मोडतं, आणि फळांचं कार्यालय वेगळं आहे. (त्याच्या इमारतीचा नकाशा मंजूर झाला आहे.)

वरचे साहेब आले त्याच दिवशी छायाचित्रासाठी सावली शोधता शोधता छायाचित्रकार खतखड्ड्याच्या भिंतीआड गेला आणि चादरींखालचे पाच ट्रे उजेडात आले. ठेंगणी, जाड खोडाची, काळपट हिरवी चारशे नव्वद रोपं. एकाही रोपाला फूल नाही, की साधी कळी नाही.

"ही एकतीस दिवस करत काय होती?" अधीक्षकांनी विचारलं. विचारताना त्यांचा आवाज रागापेक्षा दुःखाचा होता.

"मुळं धरत होती, साहेब. ऊन उतरलं की फुलतील, मग फळ धरेल. बघाच तुम्ही."

"लाडावून ठेवलीत तुम्ही, बाई. लाडाने असंच होतं."

पाचही ट्रेंवर 'अप्रगत' अशा पाट्या लागल्या. बाईंना असा काही संताप आला की त्या दिवशी त्यांनी साहेबांच्या टेबलावरच्या कुंडीला पाणीच घातलं नाही. (कुंडी प्लास्टिकच्या रोपाची असल्याने हे कोणाच्या लक्षात आलं नाही.)

शनिवारी रोपवाटप होतं. फुकट, माणशी तीन रोपं. फाटकाबाहेर सकाळपासून रांग लागली. एका टेबलावर फुलांचे ट्रे, दुसऱ्यावर अप्रगत, आणि मधे बाई. त्यांनी ठरवलं होतं की आपण काही लपवायचं नाही, प्रत्येकाला समजावून सांगायचं. लोक शहाणे असतात. सांगितलं की त्यांना कळतं.

पहिल्या होत्या एक नर्सबाई. रात्रपाळी करून थेट आल्या होत्या. माळीणबाई म्हणाल्या, "ताई, ही घ्या. खोड बघा कसं पेन्सिलीएवढं आहे. त्या टेबलावरच्यांना ऊन लागलंय, ती आजारी आहेत."

नर्सबाईंनी दोन्ही टेबलांकडे बघितलं. आजारी कोण आणि धडधाकट कोण हे ओळखणं हे त्यांचं रोजचं काम. "पण याला फूल नाहीये," त्या म्हणाल्या, आणि तीन आजारी घेऊन गेल्या.

मग एक निवृत्त गृहस्थ आले. "आजोबा, फूल महिन्याने येईल, पण टिकेल," बाई म्हणाल्या. "माझं वय बघा," आजोबा म्हणाले, "मला आत्ता आलेलं दाखवा." मग एक नवं जोडपं. मग एक शाळामास्तर. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दोनदा मान डोलावली, "बरोबर आहे तुमचं" असंही म्हणाले, आणि फुलांची तीन उचलली. अकरा वाजल्यानंतर बाईंनी दुसरा उपाय केला. देता देता त्या रोपाचं फूल नखाने खुडू लागल्या. "फूल काढलं की झाडाचं बळ मुळाकडे जातं, जगेल तरी बिचारं." याचा परिणाम तत्काळ झाला. तक्रारवहीत पाच तक्रारी आल्या: 'कर्मचारी नागरिकांची फुले तोडतात.'

दुपारी दोन वाजता फुलांची रोपं संपली. शहात्तर जणांनी तीन-तीन नेली आणि उरलेलं एक अधीक्षकांनी स्वतःसाठी ठेवून घेतलं. त्यानंतर आलेल्या लोकांनी रिकाम्या ट्रेकडे पाहून हळहळ व्यक्त केली आणि 'पुढच्या वेळी लवकर येऊ' म्हणून ते रिकाम्या हाताने परत गेले. अप्रगतांतून फक्त तीन रोपं गेली. एक आजीबाई चष्मा घरी विसरून आल्या होत्या. त्यांनी बोटांनी खोडं चाचपून पाहिली आणि तीन जाड जाड निवडून घेतली.

राहिली चारशे सत्याऐंशी. पाच वाजता अधीक्षकांनी घड्याळ दाखवलं आणि नियम बावीस वाचून दाखवला. बाईंनी ट्रेंकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी तो नियम पुन्हा एकदा वाचायला सांगितला.

"उरलेली रोपे सूर्यास्तापूर्वी खतखड्ड्यात घालावीत."

"कशी घालावीत ते लिहिलंय का?"

अधीक्षकांनी पान उलटून पाहिलं, परिशिष्टही पाहिलं. लिहिलेलं नव्हतं. बाईंनी नवऱ्याला निरोप धाडला. खड्डा चांगला बारा पावलं लांब आणि आठ पावलं रुंद होता, अर्ध्याहून अधिक गेल्या वर्षीच्या मुरलेल्या खताने भरलेला, आणि दुपारनंतर त्यावर भिंतीची सावली येई. दोघं नवरा-बायको गुडघ्यांवर बसले आणि वीत-वीत अंतरावर एकेक रोप मुळांसकट, सरळ उभं, खड्ड्यात 'घालू' लागले. शिंप्याचा हात, ओळी सुतासारख्या सरळ आल्या. सूर्य बुडायला दहा मिनिटं असताना शेवटचं रोप घालून झालं. नियमाचं इतकं तंतोतंत पालन त्या रोपवाटिकेत पूर्वी झालेलं नव्हतं. अधीक्षकांनी तशी शेऱ्यात नोंदही केली.

दोन-अडीच महिने गेले. ऊन उतरलं. खड्ड्यातली रोपं भिंतीएवढी झाली, फुलली, फळं धरली, आणि एके सकाळी भिंतीवरून लालबुंद टोमॅटो बाहेर डोकावू लागले. कार्यालयाला ते दिसले नाहीत, कारण फळ हा विषय त्यांच्याकडे नव्हता. अधीक्षकही जागेवर नव्हते. ते संयमित दुर्लक्ष पद्धतीवर गावोगाव व्याख्यानं देत होते. म्हणून तक्रारखिडकीत माळीणबाईंना बसवलं होतं.

खिडकीसमोर शहात्तर जणांची रांग. सगळ्यांची तक्रार एकच: फुलं आली, आठवड्यात गळाली, नंतर नुसत्या काड्या. टोमॅटो एक नाही. मास्तर म्हणाले हवाच बदलली आहे. आजोबा म्हणाले हल्लीच्या मातीत दम नाही. रांग खतखड्ड्याच्या भिंतीला लागून होती, त्यामुळे काहींनी नाकाला रुमाल लावला होता. बाईंनी प्रत्येकाचं ऐकून घेतलं, भिंतीकडे बोट दाखवलं, ही तीच 'अप्रगत' पाटी लावलेली रोपं, हे सांगितलं. लोकांनी पाहिलं. "अरे वा," म्हणाले.

"आता पुढच्या महिन्यात परत वाटप आहे," बाई वही उघडून म्हणाल्या. "दोन्ही तऱ्हेची रोपं असतील. तुम्हाला कोणती देऊ ते आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे गोंधळ नको."

वाचकहो, इतका वेळ तुम्ही अधीक्षकांना हसलात. बरोबरच आहे, हसण्यासारखाच माणूस आहे तो. पण त्या रांगेत अधीक्षक नव्हते, भांडारपाल नव्हता, वरचे साहेब नव्हते. तुम्ही होता. नववा नंबर. हातात वाळलेल्या काडीची कुंडी होती. सगळी हकिकत तुम्हाला ठाऊक होती, शिवाय मनातून तुम्ही पहिल्यापासून बाईंच्याच बाजूचे. बाईंनी पेन उघडून मोठ्या आशेने तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही जरा विचार केलात, भिंतीवरच्या टोमॅटोंकडे एकवार बघितलंत, आणि खिडकीत वाकून म्हणालात:

"फूल असलेलीच द्या हो. फक्त या वेळी जरा चांगली बघून द्या."